ओबीएस २७ वरून पुढे जाताना

प्रश्न : गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं आम्ही ओबीएस २७ (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) वरून यूट्यूबवर थेट दाखवतो. नवी आवृत्ती टाकली की प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद पडतात आणि मोबाइलवरून सीन (पडद्यावरची मांडणी) बदलता येत नाहीत, असं ऐकतो. सप्ताहाला तीन आठवडे आहेत. आत्ता बदलावं का?

उत्तर : बदला, वेळ पुरेसा आहे. फक्त जुनं काढून टाकू नका. विंडोज ७, ८ किंवा कोणतंही ३२-बिट विंडोज असेल, तर मात्र २७.२.४ वरच राहा. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या २८ पासून ओबीएस त्यांवर चालत नाही.

६४-बिट विंडोज १० किंवा ११ असेल, तर जुन्या ओबीएसमधल्या ‘सीन कलेक्शन’ (सगळे सीन) आणि ‘प्रोफाइल’ (सेटिंग) या दोन्ही मेनूंतून एक्स्पोर्ट करा. प्रोफाइलमध्ये स्ट्रीम की, म्हणजे तुमच्या चॅनेलवर प्रक्षेपण करू देणारा गुप्त कोडसुद्धा जातो. ते फोल्डर मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मग नव्या आवृत्तीची झिप वेगळ्या फोल्डरात उघडा आणि तिथे portable_mode.txt, म्हणजे ‘पोर्टेबल_मोड.टीएक्सटी’, या इंग्रजी नावाची रिकामी फाइल ठेवा. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नकळत ‘.टीएक्सटी’ दोनदा लागतं आणि नवं ओबीएस जुन्याच सेटिंगवर जाऊन बसतं. ही चूक फार होते.

जुन्या प्लगइनच्या डीएलएल (प्रोग्रामच्या) फाइली नव्यात टाकू नका. २८ मध्ये ओबीएस क्यूटी ५ (खिडक्या-बटणांचा पाया असलेली प्रणाली) सोडून क्यूटी ६ वर गेलं, म्हणून जुन्यावर बांधलेले बरेच प्लगइन लोडच होत नाहीत. प्रत्येकाची नवी झिप घ्या. इन्स्टॉलर बहुधा जुन्या ओबीएसमध्येच फाइली टाकतो. आधी प्लगइन, नंतर सीन इम्पोर्ट. नवं ओबीएस सुरूच होईना, तर सेफ मोडमध्ये उघडा (३० पासून ही सोय आहे). त्यात बाहेरचे प्लगइन बंद राहतात.

मोबाइलचं कारण वेगळं. मोबाइल अॅपला ओबीएसशी जोडणारं वेबसॉकेट आता ओबीएसमध्येच येतं, पण पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ४४४४ ऐवजी ४४५५ झाला आणि दोघांमधल्या संवादाची भाषाही बदलली. नुसता पोर्ट बदलून भागत नाही. अॅप वेबसॉकेट ५ ओळखणारं हवं. टूल्समधल्या वेबसॉकेट सेटिंगमध्ये सर्व्हर चालू करून तिथला पासवर्ड अॅपमध्ये भरा.

चाचणीआधी जुनं ओबीएस बंद करा, नाहीतर कॅमेरा त्याच्याच ताब्यात राहून नव्यात काळा पडदा दिसेल. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असं) ठेवून पूर्ण कीर्तनाएवढा वेळ चालवा. आवाज नीट ऐका. कीर्तनात पखवाज आणि टाळ माइकला सहज फोडतात.

प्रश्न : अपडेटनंतर चित्र अडखळतं. इंटरनेट बदलू का?

उत्तर : आधी ओबीएसमधलं ‘स्टॅट्स’ उघडा. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत असतील तरच नेटचा दोष. वायफायऐवजी केबल लावा, बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) ४५०० वरून ३००० केबीपीएस करा. ‘रेंडरिंग लॅग’ म्हणजे ग्राफिक्स कार्डावर ताण. ओबीएस ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून पाहा. ‘एन्कोडिंग लॅग’ असेल तर प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर एक्स२६४ सोडून ग्राफिक्स चिपवर चालणारा एनव्हेंक किंवा क्विकसिंक निवडा.