शहरातून ऑरोरा: उजेडापेक्षा दिशा आणि वेळ बघा

तुम्ही लिहिलंय की ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, बघायला निघालात तेव्हा अ‍ॅपवर केपी (पृथ्वीवरच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ मधला आकडा) ६ होता, आकाश स्वच्छ होतं, गच्चीवर बराच वेळ थांबलात आणि शहराच्या पिवळट उजेडाशिवाय काही दिसलं नाही, मग लाइट पोल्युशन फिल्टर (शहराच्या दिव्यांचा प्रकाश अडवणारी काच) घ्यावा की शहरातून ऑरोरा बघायचा नाद सोडून द्यावा. अजिबात सोडू नका. उजेड आड येतो हे खरंच आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.

पहिलं म्हणजे केपीच्या भरवशावर बाहेर पडू नका. तो आकडा तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा मिळून असतो, त्यामुळे ६ दिसतोय म्हणजे आत्ता तुमच्या डोक्यावर काही चाललंय असं नाही, खरा धमाका त्यातल्या वीस मिनिटांत होऊन गेलेला असू शकतो. मी तरी बीझेड बघतो. सौरवाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या भारित कणांच्या झोताबरोबर, येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की उत्तरेकडे ते त्यावरून कळतं, आणि दक्षिणेकडे, म्हणजे आकडा उणे असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी नीट जोडलं जातं. उणे १० च्या खाली जाऊन तिथेच टिकून राहिला की जॅकेट चढवायचं. हे मोजणारी यानं सूर्याच्या बाजूला साधारण १५ लाख किलोमीटरवर आहेत, त्यामुळे तुम्हाला अर्धा ते एक तास आधी कळतं, जागा गाठायला तेवढा वेळ पुरतो. आकडा अधिकमध्ये उडी मारून तिथेच बसला असेल तर केपी कितीही छान दिसू दे, मी घाई करत नाही.

आता जागा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो किंवा आइसलँडच्या रेक्याविकला ऑरोरा डोक्यावर येतो, तिथे तो जोरात असला की भर वस्तीतूनही दिसतो. या शहरांच्या बऱ्याच दक्षिणेला राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, आपल्याला तो उत्तर क्षितिजाला चिकटलेला दिसतो. हिरवा पट्टा साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे लांबून बघताना तो इमारतींच्या मागे जातो, लाल भाग २०० च्या वर असतो म्हणून तो जरा वर डोकावतो. म्हणजे तुम्हाला अख्खं आकाश काळं नकोय, फक्त उत्तरेची खालची पट्टी काळी हवी आहे! लोक अंधार शोधत शहराच्या दक्षिणेला तासभर गाडी हाणतात, तिथे डोक्यावर तारे मस्त दिसतात पण शहराच्या उजेडाचा घुमट बरोब्बर ऑरोराच्या जागी येऊन बसतो. त्यापेक्षा शहराच्या उत्तर टोकाला जा, शहर पाठीमागे ठेवा, समोर तलाव, समुद्र नाहीतर मोकळी शेतं असतील असं बघा. तेवढंही जमत नसेल तर निदान जवळचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशी भिंतीची सावली धरा, वीसेक मिनिटं डोळे सरावू द्या आणि मोबाइलचा ब्राइटनेस पार खाली आणा. चंद्राची काळजी मात्र शहरात फार करू नका, आकाश आधीच इतकं उजळलेलं असतं की त्याने फारसा फरक पडत नाही.

डोळ्यांना काय दिसेल याचीही कल्पना असू द्या. कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत आणि लाल तर सर्वांत कमी, त्यामुळे फोटोत गुलाबी पडदा आणि प्रत्यक्षात राखाडी धुरकट पट्टा असं सर्रास होतं, फोटो टाकणारे हे सांगत नाहीत. म्हणून पहिली तपासणी मोबाइलनेच करा. नाइट मोड, तीन ते दहा सेकंद, फोन कशाला तरी टेकवून उत्तरेकडे. पाच मिनिटांनी तोच फोटो परत काढा. खालून उजळलेला ढग असेल तर त्याचा रंग शहराच्या दिव्यांसारखाच येतो आणि त्यामागचे तारे झाकले जातात, ऑरोरातून तारे आरपार दिसतात आणि दोन फोटोंमध्ये उभ्या रेषा सरकलेल्या असतात. मोबाइललाही काही सापडत नसेल तर डोळ्यांना सापडायची शक्यता जवळपास नाही, तेव्हा बीझेड बघत बसा, कारण ऑरोरा अचानक भडकतो आणि थोड्या वेळात परत मंदावतो.

१० मे २०२४ च्या रात्री मात्र यातलं काहीच लागलं नाही. जी५ म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं भूचुंबकीय वादळ होतं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिलंच, कित्येक मोठ्या शहरांतून नुसत्या डोळ्यांनी रंग दिसले. अशी रात्र सांगून येत नाही, पण मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास वादळं जास्त होतात, तेव्हा अलर्ट चालू ठेवा.

आणि तुम्ही विचारलेला लाइट पोल्युशन फिल्टर घेऊ नका. तेजोमेघांसाठीचे फिल्टर ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आत सोडतात, ऑरोराचा हिरवा ५५७.७ ला असतो, तो बऱ्याचदा दिव्यांच्या प्रकाशाबरोबर अडवला जातो. शिवाय लेन्ससमोर कुठलाही सपाट फिल्टर असला, अगदी साधा यूव्ही सुद्धा, तरी हिरव्या ऑरोराच्या फोटोत मधोमध गोल गोल रिंगा उमटू शकतात आणि त्या नंतर एडिटिंगमध्ये काढणं महाकटकट असते. आधीच लावलेला असेल तर तोही निघण्यापूर्वी काढून ठेवा.