हिस्टॉलॉजी पडद्यावर: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न: आमच्या विभागातल्या हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा अभ्यास) जुन्या स्लाइड्स स्कॅन करून विद्यार्थ्यांना संगणकावर द्यायच्या आहेत. २० एक्सवर (२०पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने) स्कॅन कराव्यात की ४० एक्सवर?

अवयवांच्या नेहमीच्या स्लाइड्सना २० एक्स पुरतो. त्यात एक पिक्सेल साधारण ०.५ मायक्रॉनचा पडतो, ४० एक्समध्ये ०.२५ चा. १५ बाय १५ मिलिमीटरचा सेक्शन (ऊतीचा पातळ काप) ४० एक्सवर घेतला की ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल होतात, म्हणजे कॉम्प्रेशनआधी जवळपास ११ जीबी. २० एक्सवर हाच आकडा एक चतुर्थांशावर येतो. रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरवलेला थर), अस्थिमज्जा यांसाठी मात्र ४० एक्स घ्या. तरीही ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली) दिसणारे बारीक कण त्यात नीट येतीलच असे नाही.

खरी अडचण फोकसची असते. ४० एक्सच्या भिंगाला जेमतेम १ मायक्रॉन खोलीच स्पष्ट दिसते आणि सेक्शन असतो ४-५ मायक्रॉनचा. त्यात घडी पडलेली असेल, कव्हरस्लिपखाली (सेक्शनवरच्या पातळ काचेखाली) हवेचा बुडबुडा असेल किंवा वर धूळ असेल, तर स्कॅनर नेमका त्यावरच फोकस धरतो आणि शेजारची ऊती धूसर येते. म्हणून आधी काच पुसा, पेनाच्या खुणा काढा, सुटलेली कव्हरस्लिप पुन्हा बसवा. फिकट स्टेनची (रंगाची) स्लाइड किंवा मेदऊती असेल तर स्कॅनरला ऊती कुठे आहे हेच कळत नाही आणि तुकडा अर्धाच स्कॅन होतो. तिथे चौकट हाताने आखा. लेबलवर रुग्णाचे नाव असेल तर ते झाका. बऱ्याच फाइल्समध्ये लेबलचे छायाचित्र वेगळे साठवलेले असते आणि ते सहज नजरेतून सुटते.

प्रश्न: विद्यार्थी स्लाइड उघडल्या उघडल्या पूर्ण झूम करतात आणि मग काहीच ओळखता येत नाही. उपाय काय?

पहिली काही मिनिटे झूमला बंदी. आख्खा सेक्शन पाहून पोकळी कोणत्या बाजूला आहे, थर किती आहेत, सीमा कुठे बदलते हे कागदावर काढायला सांगा. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि इलियम (शेवटचा भाग) वेगळे करायला लो पॉवरच (कमी झूम) लागते: सबम्यूकोसात (आतल्या अस्तराखालच्या थरात) ब्रुनरच्या ग्रंथी दिसल्या तर ड्युओडेनम, पेयरचे पट्टे (लसिका ऊतींचे पुंजके) दिसले तर इलियम. हाय पॉवरला नुसत्या पेशी भेटतात. तिरक्या कापलेल्या साध्या (एकाच थराच्या) स्तंभाकार एपिथेलियमला (पृष्ठभागावरच्या पेशींच्या आवरणाला) मुले हमखास बहुस्तरीय म्हणतात. त्याच पृष्ठभागावरून सरकत जाऊन सेक्शन काटकोनात कापलेली जागा शोधायची, ही सवय लावा.

‘४००पट मोठे’ या शब्दांना पडद्यावर अर्थ नाही, कारण मॉनिटर बदलला की आकार बदलतो. स्केल बार चालू ठेवा. तांबडी पेशी सेक्शनमध्ये ७ मायक्रॉनच्या आसपास असते, तीच मोजपट्टी. क्यूपाथ या मोफत मिळणाऱ्या स्लाइड पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलचा आकार नोंदलेला आहे ना, ते ‘इमेज’ टॅबमध्ये तपासा. तो नसेल तर मोजमापे मायक्रॉनमध्ये येणारच नाहीत.

प्रश्न: परीक्षेत गुण चांगले पडतात, पण नवी स्लाइड दिली की मुले अडखळतात. असे का?

कारण सगळ्यांनी एकच स्लाइड पाहिलेली असते. काचेच्या पेटीतल्या यकृताच्या दहा स्लाइड्स एकसारख्या कधीच नसतात. सर्व्हरवर एकच आदर्श यकृत असते आणि मुले ते डागासकट, घडीसकट पाठ करतात. प्रत्येक अवयवाच्या निदान तीन स्लाइड्स ठेवा, त्यातही वेगळ्या दिशेने कापलेल्या आणि स्टेन थोडा कमी-जास्त असलेल्या. परीक्षेला न दाखवलेली चौथी स्लाइड द्या. बाणाची खूणही दरवेळी त्याच जागी नको.

प्रश्न: मग सूक्ष्मदर्शक बंद करायचे का?

नाही. स्कॅनमध्ये सहसा एकच फोकस-पातळी असते. फाइन फोकस फिरवत पेशीच्या वर-खाली जाणे, कंडेन्सर आणि डायफ्रॅम (स्लाइडवर पडणारा प्रकाश नियंत्रित करणारे भाग) जुळवणे हे पडद्यावर शिकता येत नाही. अनेक पातळ्यांचे झेड-स्टॅक स्कॅन करता येतात, पण पाच पातळ्या घेतल्या तर फाइलही पाचपट होते. नियमित पाठ पडद्यावर आणि अधूनमधून काही तास सूक्ष्मदर्शकावर, ही विभागणी सोयीची पडते.