‘अनाथ पंगुगृहा’तले अनाथ कोण?

पुण्याच्या नव्या पेठेतील ‘निवारा’ या वृद्धाश्रमाचे जुने नाव ‘डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह’ असल्याचे वाचून एकाने विचारले आहे, की तेथे पूर्वी आईबाप नसलेली मुले ठेवीत असत काय. नसल्यास ‘अनाथ’ हा शब्द नावात कशासाठी आला?

संस्थेचे इंग्रजी नाव ‘इन्फर्म असायलम’, म्हणजे दुर्बळांचे आश्रयस्थान, असे होते आणि त्यात पोरक्या मुलांचा मागमूसही नाही. नाथ म्हणजे सांभाळ करणारा धनी. तो ज्याला नाही तो अनाथ, मग त्याचे वय सत्तर का असेना. पांडुरंगाला ‘अनाथांचा नाथ’ म्हणतात ते याच अर्थाने. आईबाप गेलेल्या मुलाला मराठीत ‘पोरका’ हा स्वतंत्र शब्द होताच, त्यामुळे ‘अनाथ’ला तेवढ्याच अर्थात कोंडण्याची कोणाला गरज वाटली नसावी. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये स्थापन केलेल्या ‘अनाथ बालिकाश्रमा’चे उदाहरण तर बोलके आहे, कारण तो मुख्यतः विधवांसाठी होता, आणि खुद्द कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले तेथे राहून शिकल्या; कर्त्या नातलगांचा आधार असलेल्या या बाईंना आजच्या अर्थाने अनाथ कोण म्हणेल?

‘अनाथ पंगू’ या जोडीचा विग्रह ‘अनाथ आणि पंगू’ असाही होऊ शकतो. मला मात्र ‘अनाथ असे जे पंगू’ हा कर्मधारय, म्हणजे पहिले पद दुसऱ्याचे विशेषण असलेला समास, अधिक पटतो, कारण घरचे सांभाळणारे असलेल्या पंगूला अशा गृहाची वाट धरावी लागत नसे. ‘पंगू’ म्हणजे काटेकोरपणे पायांनी अधू, पण येथे तो ‘इन्फर्म’ची जागा घेत असल्याने जराजर्जर आणि दुर्बळ माणसेही त्यात सामावतात. (सुटा शब्द ‘पंगू’ दीर्घ, समासात ‘पंगुगृह’ ऱ्हस्व, पाटी रंगवणारे हे क्वचितच पाळतात.)

‘गृह’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मुंबईत ताडदेवला 1902 मध्ये अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल निघाले, आणि अशा संस्थांना मराठीत ‘अंधगृह’ नव्हे, ‘अंधशाळा’ हे नाव रूढ झाले. पंगूंना आसरा द्यायचा आणि अंधांना शिकवायचे, हा हेतूंमधला फरक या दोन उत्तरपदांत स्पष्ट उतरलेला दिसतो.