लष्करी मालवाहू विमानाचा इंजिन माउंट दीडपट भार पेलतो, मग आणखी चाचण्या कशाला?

'पेलतो ना, मग झालं' हे वाक्य मी आमच्या एका मॅनेजरांकडून इतकं ऐकलंय की प्रश्न दिसताच राहवलं नाही.

माउंट म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणारा सांगाडा. लिमिट लोडला, म्हणजे वापरात येईल असा धरलेल्या सर्वात मोठ्या भाराला, त्याला कायमचा वाक येता कामा नये आणि त्याच्या दीडपट अल्टिमेट लोड निदान ३ सेकंद न तुटता पेलला पाहिजे. हा ताकदीचा हिशेब. टर्बोप्रॉपला (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनाला) ताठपणाही तितकाच लागतो, आणि तो वेगळा मोजावा लागतो.

अशाच एका चाचणीची गोष्ट. रिगवर (चाचणीच्या चौकटीवर) डमी इंजिन, हायड्रॉलिक जॅक, ताण मोजणाऱ्या स्ट्रेन गेजच्या वायरींचं जंजाळ. लिमिट लोड झाला, आकडे झकास. टॉर्च घेऊन खाली वाकलो तर मागच्या स्ट्रटच्या (आधाराच्या दांड्याच्या) नटावरची टॉर्क सीलची, म्हणजे नट हलला तर कळावं म्हणून ओढलेली, पिवळी रेघ तुटून केसभर सरकलेली. नट फिरला होता. मॅनेजर म्हणाले, "अहो, रंग चिरला असेल. सही करा." केली नाही. सांधा ढिला ठेवून मोजा, एक स्ट्रट काढून मोजा, एवढंच म्हणत होतो. 'शेड्यूलचा शत्रू' ही पदवी तेव्हाच मिळाली. शेवटी मोजलं, तर माउंटचं पुढचं टोक वर-खाली चांगलंच मऊ झालेलं, म्हणजे ताठपणा गेलेला. भार मात्र तरीही पेलत होतं!

लॉकहीड इलेक्ट्रा हे टर्बोप्रॉप प्रवासी विमान आठवा. सप्टेंबर १९५९ आणि मार्च १९६०, दोन विमानांचे पंख हवेत तुटले. त्याचं इंजिन हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानाच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. माउंट ढिला पडला की फिरता प्रोपेलर भोवऱ्यासारखा डगमगतो. वेग जास्त असेल तर हवाच त्या डगमगण्याला जोर देते, त्याची कंपनसंख्या उतरत पंखाच्या कंपनसंख्येला गाठते आणि पंख जातो. म्हणून आता माउंटचा कुठलाही एक भाग निकामी धरूनही फ्लटर (हवेच्या जोरावर वाढत जाणारं असं कंपन) होत नाही हे दाखवावं लागतं. ए४००एम या लष्करी मालवाहू विमानाचा प्रोपेलर ८ पात्यांचा, ५.३ मीटर व्यासाचा. तिथे 'रंग चिरला असेल' म्हणून बघा.

मग सरळ जाड माउंट का नाही? वजन वाढतं, आणि फार ताठ केला तर इंजिनाची थरथर थेट पंखात आणि केबिनमध्ये जाते. म्हणून मध्ये रबरी पॅड, आणि ते झिजतात. झिजलेल्या पॅडवरही चाचणी घ्याच, नवे घालून आलेला रिपोर्ट मी अर्धाच धरतो.

हे सगळं टर्बोप्रॉपचं. जेटच्या पायलॉनचं (इंजिन पंखाखाली टांगणाऱ्या खांबाचं) गणित बरंच वेगळं. आगीची चाचणी तर मी धरलीच नाही, ती दोघांनाही चुकत नाही.