कृषी सल्ला : तुंबलेल्या रानातले जिवाणू मेले का?

प्रश्न (सीनाकाठ, मोहोळ तालुका) : काळ्या रानात पाच दिवस पाणी तुंबलं होतं. ऊस पिवळा पडलाय, मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतोय. जूनमध्ये शेणखतातून अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारे) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू दिले होते. ते मेले का? युरिया टाकू का?

उत्तर : युरिया आज टाकू नका. आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू सरकतो. त्यामुळे मातीत असलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग जिवाणू श्वासासाठी दुसरं काहीतरी धरतात. पहिला बळी नायट्रेटचा. तुम्ही पैसे मोजून दिलेला नत्र वायू होऊन उडतो. त्यानंतर मँगनीज, लोह आणि शेवटी सल्फेट. तुम्हाला येणारा वास त्या सल्फेटपासून तयार झालेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

वीतभर खोलीचं एक ढेकूळ काढून फोडून बघा. आतून निळसर-करडं दिसेल. उन्हावाऱ्यात ठेवलंत की त्याच ढेकळावर तांबूस ठिपके उमटतील. हवा लागली की लोह पुन्हा गंजतं.

आता जिवाणूंचं. ऑक्सिजन असेल तर एका ग्लुकोजमधून ऊर्जेची साधारण 30 नाणी मिळतात, नुसत्या आंबवण्यातून 2. खायलाही नसेल तर जिवाणू वाढ बंद करतो, अंगातला साठा पुरवून वापरतो आणि मिळालेली ऊर्जा पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार टिकवण्यात घालतो. तो भार गेला की जिवाणू संपला. स्फुरदाच्या कल्चरमधले बॅसिलस जातीचे जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू करून तग धरतात. अ‍ॅझोटोबॅक्टरला मात्र ऑक्सिजन लागतोच. त्याची संख्या घटली असं धरून चाला.

म्हणून वाफसा येईपर्यंत, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही खेळू लागेपर्यंत, थांबा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ओल्या रानावर फेकलेल्या युरियाचा बराच अमोनिया हवेत जातो, आणि गुदमरलेली मुळं उरलेला नत्रही उचलत नाहीत. ऊस फारच पिवळा असेल तर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया मिसळून पानांवर फवारा. वाफसा आला की हलकी आंतरमशागत करा, युरिया हप्त्यांत विभागून मातीआड द्या आणि अ‍ॅझोटोबॅक्टर चांगल्या कुजलेल्या शेणखतातून संध्याकाळी पुन्हा द्या.

दुसरा प्रश्न : साचलेल्या पाण्यातच जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) सोडलं तर जिवाणू सावरतील का?

उत्तर : नाही. गुळाचं आयतं खाद्य मिळालं की उरलासुरला ऑक्सिजन आणखी लवकर संपतो आणि मुळं जास्त कुजतात. ताजं शेण, उसाची मळीही आत्ता नको. आधी पाणी, मग हवा, मग खाद्य. हा क्रम मोडून नुकसान झालेली रानं मी दरवर्षी बघतो आणि फार वाईट वाटतं. मूठभर माती दाबून सोडा. गोळा सहज फुटला आणि तळहाताला चिखल लागला नाही, की जीवामृत खुशाल सोडा.