आईला संधिवातासाठी प्रेडनिसोलोन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल दिलंय. कोणती गोळी कधी द्यायची, लक्ष कशावर ठेवायचं?

पुण्यात मेडिसिन वॉर्डला नर्स आहे, हा प्रश्न रोज ऐकते.

पँटोप्राझोल सकाळी उठल्यावर, नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, पाण्यासोबत. ती अख्खी गिळायची. कोथरूडच्या एक आजी ती खलबत्त्यात कुटून मधातून घ्यायच्या. वरचं आवरण फुटलं की आम्लात औषध वाया जातं, त्यामुळे त्यांची जळजळ थांबतच नव्हती. प्रेडनिसोलोन मात्र पोहे-उपमा काहीतरी पोटात गेल्यावर, सकाळीच. संध्याकाळी दिली तर रात्रभर झोप नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणू नका. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, त्यासोबत त्या घेतल्या की अल्सर (पोटातली जखम) आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्या चालू असतील तर तिथे सांगा.)

बरं वाटलं म्हणून प्रेडनिसोलोन अचानक बंद करू नका, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. साखर आणि बीपी तपासत राहा. मधुमेह असेल तर जास्तच. स्टेरॉइडमुळे ताप दबूही शकतो, म्हणून साधी कणकणसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घाला.