इंग्लंडसारखा राखणदार ठेवला तर शेतातले तित्तर-लावे परत येतील का?

शिरपूरकडच्या तुमच्या वडिलोपार्जित वावरात पहाटे तित्तर ओरडायचे, आता ओरडत नाहीत, म्हणून इंग्लंडच्या गेमकीपरसारखा पगारी माणूस ठेवावा आणि थोडे पक्षी विकत आणून सोडावेत, असा तुमचा विचार आहे. माझं उत्तर सरळ आहे. माणूस ठेवू नका. तो पैसा बांधावर घाला.

तिकडचा गेमकीपर काय करतो? कोल्हे, कावळे मारतो, हिवाळ्यात दाणे टाकतो, पाळलेले पक्षी शिकारीच्या मोसमाआधी सोडतो. आपल्याकडे कोल्हा, मुंगूस, घोरपड मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि हौशी शिकारीचे परवानेही 1991 च्या दुरुस्तीनंतर संपले. म्हणजे त्याचं अर्धं काम इथे तुरुंगात नेणारं आहे. पक्षी सोडायचं तर मुळीच मनात आणू नका. बाजारात बटेर म्हणून मिळतो तो पाळीव जपानी लावा. तो आपल्या रानातला लावा नाही.

आणि एवढे राखणदार असून इंग्लंडात झालं काय? त्यांचा करडा तित्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1968 पासून ससेक्सच्या शेतांत याचा माग काढला. तणनाशकाने गव्हातलं तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि नुकतीच फुटलेली पिल्लं उपाशी मेली, हे त्याने दाखवलं. मोठा तित्तर दाण्यावर, गवताच्या बियांवर जगतो. पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे किडेच लागतात. म्हणून तिकडे शेताच्या कडेचा पट्टा न फवारता सोडायची पद्धत आली.

मला हे पटायला इंग्लंड लागलं नाही, आमचा बांध पुरला. माझं शेत अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून थोडं आत. शेजारी चुलतभावाचं. आम्ही त्याला जिभाऊ म्हणतो, वयाने मोठा. मधला बांध आजोबांच्या काळात बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. त्यावर बोरी, हिवर, तरवड, खाली कुसळी गवत. जिभाऊच्या बाजूने दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधात जातं. बोललं की ट्रॅक्टरवाल्यावर ढकलतो.

एका वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास त्याने बांध पेटवायचं ठरवलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात सगळेच पेटवतात, वावर स्वच्छ दिसतं म्हणून. नेमका तोच तित्तराचा अंडी घालायचा काळ. आमच्या सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याला, बोरीच्या जाळीखाली मादी बसलेली दिसली. जमिनीत नुसता खळगा, त्यात थोडं गवत, आणि पिवळसर पांढरी अंडी. ती इतकी घट्ट बसते की माणूस पायाशी आला तरी उठत नाही. जाळ आला असता तरी उशिरापर्यंत उठली नसती.

मी जिभाऊला म्हटलं, माझ्या बाजूला आग येऊ द्यायची नाही. तो म्हणाला, "तितरं काय कापूस देतस का तुले?" घरातली सगळी तिथे उभी होती. मी उलट बोललो नाही. बोरीभोवतीचं गवत विळ्याने कापून मोकळा पट्टा केला, टाकीचं पाणी ओतलं आणि सालदाराला उभं केलं. त्याची बाजू जळाली, माझी राहिली. पुढचे दिवस शेळ्या तिकडे फिरकू दिल्या नाहीत, गावातली कुत्रीही हाकलली. एवढीच माझी राखणदारी.

अठरा-एकोणीस दिवसांत अंडी फुटतात, आणि पिल्लं वाळली की लगेच आईमागे चालू लागतात. रोहिणीचा पाऊस पडला तेव्हा ती बांधाखाली शेणखताच्या ढिगांत वाळवी टिपताना दिसत होती. मादी ढीग उकरायची आणि सहा-सात पिल्लं तुटून पडायची.

मग पेरणी झाली. जिभाऊने कपाशी लावली. बियाणं चोरबीटीचं, म्हणजे तणनाशक मारलं तरी पीक उभं राहतं ते. परवानगी नसलेलं, पण गावोगाव मिळतं. त्याने वावर फवारलं आणि जळका बांधही फवारून टाकला. माझ्या बाजूला कपाशीत मूग-उडदाचे तास होते आणि निंदणी बायकांच्या हाताने. तो थवा जिभाऊच्या बाजूला पुन्हा गेलाच नाही. दोघांचं वावर एकाच काळ्या मातीचं, पाऊस एकच. त्याच्याकडे टिपायला एक अळी नव्हती. माझ्या उडदात ती पिल्लं पोळ्यापर्यंत वाढताना मी बघितली.

जिभाऊ आजही बैठकीत सांगतो की तित्तर फासेवाल्यांनी संपवले. गरिबाच्या माथी मारायला सोपं आहे. फास लावतात हे खरं. आमच्या बांधावरही गावातल्याच एका पोराने लावलेले मी तोडलेत. पण एका खेपेला सहा ते आठ अंडी घालणारा पक्षी थोडी चोरी सहन करतो. घरटं लावायला जाळी नाही आणि पिल्लाला किडा नाही, तिथे तो उरत नाही. फासेपारधी आमच्या आजोबांच्या काळातही होते आणि तित्तरही भरपूर होते. तेव्हा नव्हतं ते तणनाशक, आणि बांध कोरणारा ट्रॅक्टर.

तुमच्या शेतात काय करायचं ते आता सांगतो. आधी मोजणी आणा. हद्दीचे दगड रोवा, शेजाऱ्यासमोर, पंचनाम्यासह. नात्यातला असेल तर आधी आणा, कारण भिडेपोटी आपण बोलत नाही आणि नात्यातला माणूस जास्त कोरतो. मग बांधाची रुंदी पूर्वीएवढी करा आणि कुसळी, पवन्या, बोर, हिवर आपोआप येऊ द्या. फाल्गुनापासून पावसाळा संपेपर्यंत तिथे काडी लावू नका, फवारू नका. तित्तर रात्री काटेरी झाडावर बसतो, म्हणून एखादी बाभूळ राहू द्या. शक्य असेल तर थोडी दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, लावा. काढणीनंतर खाली पडलेल्या दाण्यावर पाखरं उन्हाळा काढतात. केळी आणि मक्याच्या नादात तापीकाठच्या काळ्या जमिनीतून दादर मागे पडली, त्याचाही या पक्ष्यांना फटका बसला असं माझं मत आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बांध राखायचा म्हणजे गाजरगवत आणि पेठारी वाढू द्यायची असं नाही. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्यांच्यावरच पोसला जातो, ती उपटाच. पाखरांना आडोसा म्हणून फरदडही, म्हणजे हंगाम संपल्यावर उभी राहिलेली कपाशी, ठेवू नका, बोंडअळी पुढच्या हंगामात जाते. तणनाशक अजिबात नको असं मी म्हणत नाही. निंदणीला माणसं मिळत नाहीत हे मलाही माहीत आहे. निदान कडेचे चार-पाच तास सोडून फवारा. आणि इंग्लंडच्या राखणदारांना मी निकामी म्हणत नाही. सॅलिसबरी मैदानावर शत्रुप्राण्यांना आवर घातल्यावर तित्तर वाढले, असं तिथल्या प्रयोगात दिसलं होतं. आपल्याकडे तो भाग गावच्या मोकाट कुत्र्यांचा आहे, आणि तो ग्रामसभेत मांडायचा विषय आहे.

शेजाऱ्याशी बोलणंही टाळू नका. माझ्या वाटणीचा बांध मी राखतोय, पण अर्ध्या बांधावर पाखरांचं पुरत नाही. जिभाऊची बाजू अजून दर उन्हाळ्यात जळते. यंदा मी मोजणीचा अर्ज दिलाय.